डाव्या बाजूचे तीन टाके

३ फेब्रुवारी

बारक्या,

पाकिटावरचा पत्ता सुनेच्या हातचा आहे. माझं अक्षर पाहिलं असतंस तर न फोडताच परत पाठवलं असतंस, एवढं न कळायला मी काही दूधखुळा नाही. आता फोडलंच आहेस तर वाच. आशीर्वाद, खुशाली वगैरे लिहीत नाही. बावीस वर्षांनी खुशाली विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. काम आहे म्हणून लिहितोय.

गॅरेज बंद करून चार वर्षं झाली. रंगाने फुप्फुसं खाल्ली. तू म्हणायचास, दादा, रंगाची गन हातात घेताना तोंडाला काहीतरी बांध, आणि मी म्हणायचो, तोंड बांधलं तर रंग पातळ झालाय का घट्ट ते वासावरून कसं कळणार. घ्या, आता वास नाही आणि श्वासही नाही. मुलाच्या घरी असतो, पाचव्या मजल्यावर. कोपऱ्यात एक यंत्र दिवसभर घरघरत असतं, त्याची नळी माझ्या नाकात. नळी पंचवीस फूट. न्हाणीघर, स्वयंपाकघराचा उंबरा, खिडकी, एवढं माझं राज्य. बाहेरच्या दाराला मात्र दोन हात कमी पडते. लांब नळी आण म्हटलं तर मुलगा म्हणतो, लांब नळीत हवेला जोर राहत नाही. खरं असेलही. पण मी हात लांब करून बघितलंय, कडीला बोट टेकत नाही.

मग दिवसभर करायचं काय? गाड्या करतो. खऱ्या नव्हेत, चोविसाव्या हिश्श्याच्या, वीतभरसुद्धा भरत नाहीत. पहिल्यांदा हॉस्पिटलात पडलो तेव्हा वेळ जावा म्हणून मुलाने एक खोकं आणून दिलं होतं. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, ते जोडायचे. लोक जोडतात आणि मोकळे होतात. मला तसं जमत नाही. चाकाच्या कडेला सुकलेला चिखल हवा, बंपरला वळणावर खरचटलेलं हवं, दाराच्या कडीखाली नखांनी उडालेला रंग हवा. जन्मभर असले ओरखडे बुजवले, आता भिंगातून बघत मुद्दाम काढतो. सात गाड्या झाल्या. आठवी शाळेच्या मोठ्या बाईंची करतोय.

हो, तीच. हिरवट राखाडी. उतारावर जिचं डावं चाक आत दुमडलं, बाईंचा गुडघा चेचला आणि तू धंदा सोडून, गाव सोडून गेलास, ती. तीच का, ते विचारू नकोस. तिचं खोकं बाजारात मिळत नाही म्हणून दुसऱ्या गाडीचं आणून कापतोय, जोडतोय. आणि आता घोडं अडलंय ते आतल्या बारकाव्यांवर. सीटची कव्हरं कुठल्या रंगाची होती? डॅशबोर्डला एक चीर होती, ती कुठून कुठपर्यंत? मागच्या काचेवर काहीतरी चिकटवलेलं होतं, ते काय होतं? हे सांगणारा तुझ्याशिवाय दुसरा माणूस उरलेला नाही. रोपवाटिकेत असतोस म्हणे. म्हणजे दुपारी पाच मिनिटं मिळत असतील.

आणि जाता जाता लिहून टाकतो. वेल्डिंग तुझ्या हातून अर्धं राहिलं, तेव्हा तू पंचविशीचा होतास आणि अंगात ताप होता. चुका माणसाकडूनच होतात. मी तुला केव्हाच माफ केलंय. तूही मनातून काढून टाक.

पत्ता लिहिलेलं कार्ड सोबत ठेवलंय, तुला फक्त डब्यात टाकायचंय.

दादा

२१ फेब्रुवारी

बारक्या,

कार्ड मिळालं. ना दादा, ना नमस्कार, थेट उत्तरं. ठीक आहे, सुरुवात मीच तशी केली होती.

"कव्हरं तपकिरी. ड्रायव्हरच्या सीटची उजवी शिवण उसवली होती, ती बाईंनी निळ्या दोऱ्याने घातली होती. चीर घड्याळापासून कप्प्यापर्यंत, मध्ये चार बोटं तुटक. मागच्या काचेवर शाळेचं चिन्ह, अर्धं सोललेलं. क्लचचं पेडल झिजून गुळगुळीत."

पेडलचं मी विचारलंसुद्धा नव्हतं.

निळा दोरा साफ विसरलो होतो. तुझं कार्ड वाचलं आणि दिसला. मग सुनेच्या डब्यातला निळा धागा उकलला, त्यातली केसाएवढी तार घेतली आणि तपकिरी सीटच्या कडेला नऊ टाके घातले. दोन दिवस गेले त्यात. श्वास रोखून टाका घालायचा म्हटलं तर श्वासच किती, चिमूटभर.

सुनेबद्दल सांगतो. दातांची डॉक्टर आहे, खाली चौकात दवाखाना आहे तिचा. जिभेला धार. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "बाबा, खेळा काय खेळायचं ते. पण घरात थिनरचा वास आला तर मी खोकंही फेकीन आणि तुम्हाला हॉस्पिटलातही टाकीन." काडेपेटी तर खोलीत आणायचीच नाही, यंत्राच्या हवेत ठिणगी पडली तर घर पेटेल. त्यामुळे उग्र वासाचा डिंक नाही, फवारा नाही, डाग द्यायची सोल्डरिंगची इस्तरी नाही. रंग पाण्यातला आणि तोही ब्रशने. ज्या हाताने ट्रक रंगवले त्या हाताने आता नखं रंगवल्यासारखं रंगवतो. पण बाई मनाने वाईट नाही. बोथट झालेल्या दात कोरायच्या सळया, बारीक कानशी, सगळं माझ्या टेबलावर आणून ठेवते आणि वर ऐकवते, "घ्या. पेशंट ओरडत नाही तोवर चालू द्या."

बारक्या, तुला इतकं बारीकसारीक कसं रे आठवतं? त्या दिवशीचंही आठवतं का?

नको, ते लिहू नकोस. सहज विचारलं. आतल्या आरशाला काही लटकवलेलं होतं का, एवढंच कळव. आणि कार्डावर सही तरी कर, माणसाकडून आल्यासारखं वाटेल.

दादा

१२ मार्च

बारक्या,

आरशाला काही नव्हतं, बरं झालं सांगितलंस, मी उगाच माळ ओवत बसलो होतो. पण खाली ते शेपूट कशाला जोडलंस? "खालून कशी करतोयस?"

खालून काळी. सगळ्या गाड्या खालून काळ्याच असतात. चासीचे दोन्ही दांडे केलेत, सरळ आणि गुळगुळीत. डावाही आणि उजवाही. एकदा वरची बॉडी बसली, तळ चिकटवला की कोण उलटी करून बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला अजून तेच दिसतंय, मला माहीत आहे. मी म्हटलं ना, माफ केलंय.

रंगाचं ऐक. अकरा वेळा जुळवला आणि अकरा वेळा पुसला. हिरवा पुढे येतो, नाहीतर राखाडी मळकट होतो. बाराव्या वेळी थेंबभर पिवळा पडला आणि बसला बरोब्बर. मी खिडकीशी धरला, डोळे मिटले, उघडले, तोच. बारक्या, मला तिथेच खुर्चीत बसावं लागलं. तो रंग मी आयुष्यात एकदाच जुळवला होता. त्या दिवशी पहाटे साडेपाचला डबा ढवळायला घेतला तो अकराला हाती लागला. डाव्या मडगार्डवर मारला आणि जुना रंग कुठे संपला, नवा कुठे सुरू झाला, मलाच सापडेना. तू घरी निघालास तेव्हा तो ओलाच होता.

जाऊ दे.

खिडकीतून खाली गाड्या उभ्या असतात त्या दिसतात. म्हणजे त्यांची टपं दिसतात. सात महिने झाले, मी गाड्यांची नुसती टपं बघतोय. मुलाला म्हटलं, एकदा खाली ने, एखाद्या गाडीला हात लावू दे. लहान सिलिंडर आहे घरात, दोन तास पुरतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तो हॉस्पिटलला न्यायचं झालं तर. फिरायला नाही." हा मुलगा लहानपणी माझ्या खांद्यावरून उतरत नव्हता. आता मी त्याच्या घरातून उतरत नाही.

उद्या गाडी बंद करतो. पाण्यातल्या डिंकाने बॉडी धरत नाही, कडा उचलते. त्याचा बंदोबस्त केलाय, कसा ते विचारू नकोस. बाईंच्या गाडीला तेव्हा मुदत चार वाजताची होती, आता कुणाची मुदत नाही, तरी मला घाई झालीय. ती एकदाची बंद झाली की बरं वाटेल.

दादा

४ एप्रिल

बारक्या,

तुझी दोन कार्डं येऊन पडली होती. उत्तर दिलं नाही कारण मी घरी नव्हतो. सतरा दिवस हॉस्पिटलात होतो.

करायला गेलो एक. यंत्राचा दुरुस्तीवाला टेबलावर विसरून गेला होता ती ट्यूब, एका थेंबात चिकटणारी, मी उशीखाली ठेवली होती. सून दवाखान्यात गेल्यावर काढली. तळाच्या चारी कडांना ओळीने थेंब लावले आणि बॉडी दाबून धरली. मिनिटात घट्ट. वास नाही, काही नाही. मी म्हटलं, जिंकलो. टेबलावर ठेवली आणि जेवून आडवा झालो.

संध्याकाळी बघतो तर गाडीच्या सगळ्या काचा पांढऱ्या. आतून. कुणीतरी आत बसून श्वास सोडत राहावं तशा. सीट दिसेना, तुझा निळा दोरा दिसेना, काही दिसेना. त्या डिंकाला वाफ असते. उघड्यावर ती उडून जाते, बंद गाडीत कोंडते आणि काचेवर बसते. हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून तर काचा शेवटी लावायच्या, नाहीतर गाडी दोन दिवस उघडी ठेवायची. घाई नडली. बाहेरून पुसत बसलो, पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि पुसता पुसता मला जो खोकला लागला तो थांबेचना. तीच वाफ माझ्याही आत गेली होती. सून आली तेव्हा मी निळा पडलो होतो म्हणे.

आता टेबल रिकामं आहे. भिंग, रंग, सळया, सगळं तिने कपाटात घालून कुलूप लावलं. गाडी तेवढी समोरच्या फळीवर ठेवलीय, हात पोचणार नाही अशी. मुलगा आल्यागेल्या सगळ्यांना सांगतो, बाबांनी खेळण्यापायी जीव घालवला असता. मी मूग गिळून बसतो. दिवसभर समोर ती पांढऱ्या काचांची गाडी आणि इकडे मी. तिच्यात काय आहे ते मला सगळं ठाऊक आहे आणि दिसत मात्र काही नाही.

तुझ्या दुसऱ्या कार्डावर दोनच ओळी आहेत. "तू माफ केलंस असं दोनदा लिहिलंस. मी स्वतःला नाही केलं." हे वाचून मी कार्ड उलटं ठेवलं. मग पुन्हा सुलटं केलं. चार दिवस हाच उद्योग चाललाय.

दादा

११ एप्रिल

बारक्या,

आज रविवार. सून सकाळी माझ्यासमोर येऊन बसली, फळीवरची गाडी घेऊन. तोंडाला मास्क, कपाळाला दवाखान्यातला दिवा. मला म्हणाली, "सात दिवस तुम्ही धड जेवला नाहीत. ही उघडून देते, मग जेवायचं. कबूल?" मी मान हलवली. खिडक्या सताड उघडल्या, मला पलीकडे बसवलं आणि दात उचलायच्या पात्याने एकेक कड सोडवायला लागली. पाऊण तास. एक ओरखडा नाही उठला रंगावर. काय हात आहे पोरीचा.

काम करता करता गप्पा मारायची तिला सवय आहे, पेशंटचं लक्ष उडावं म्हणून. म्हणाली, "बाबा, परवा एकजण आला होता. दुसऱ्या कुणी भरलेला दात, वरून सुंदर, चकचकीत. आणि खाली सगळं तसंच ठेवलेलं. वरून भरून टाकणाऱ्याला काय, तो भरतो आणि जातो. ठणका दुसऱ्याला."

तिला काही माहीत नव्हतं, बारक्या. ती आपली दाताचंच बोलत होती. पण चोराच्या मनात चांदणं. मी तिच्यासमोर रडायला लागलो. नळीतून रडताना फार विचित्र आवाज येतो. तिने दिवा बंद केला आणि विचारलं, काय झालं. मग मी तिला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. आता तुला सांगतो. तिच्याआधी तुला सांगायला हवं होतं.

त्या दिवशी साडेअकराला तू मागून आलास. ताप चढलेला, भिंतीला धरून उभा होतास. म्हणालास, "दादा, उजवा दांडा पुरा झालाय. डाव्याला नुसते तीन टाके मारलेत, जागेवर राहावा म्हणून. पूर्ण शिवण उद्या मारतो. तोवर रंग नको मारूस, वेल्डिंगच्या आचेने जळेल." मी म्हटलं, जा तू, झोप. आणि बारक्या, रंग तेव्हा मारून झाला होता. तू मागे वाकून काम करत होतास, तुला दिसलं नाही. डबा जुळला होता, तो सुकून वाया जाईल म्हणून मी थांबलोच नव्हतो. आता शिवण मारायची तर आच वर जाणार, मडगार्डचा रंग फुगणार, आणि तो रंग मला पुन्हा जुळला नसता. म्हणून मी खाली शिरलो आणि तुझ्या तीन टाक्यांवर काळा रंग फिरवला. चार वाजता गाडी दिली. मनात म्हटलं, आठ दिवसांनी बोलावून घेऊ, रंग मुरला की बेताने करू.

आठव्या दिवशी बाई आपण होऊन आल्या. रंगाचं कौतुक करायला. गाडी दारात उभी होती. मी त्यांना चहा दिला आणि जाऊ दिलं. काम अर्धं आहे असं त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं. पुढे पंधरा दिवसांनी तो उतार.

तपासायला आलेल्या माणसाने दांडा दाखवला. तीन टाके. कुणाचं काम, म्हणाला. मी म्हटलं, वेल्डिंग धाकटा करतो. ते खोटं नव्हतं, म्हणून जिभेवरून सहज घसरलं. खोटं मी नंतर बोललो, तुझ्याशी, पत्र्याच्या शेडमागे. म्हटलं, तू जाताना म्हणालास, डावीकडचं झालंय. तू माझ्याकडे बघितलंस. "मी असं म्हणालो?" मी म्हटलं, तापात होतास. तू तेलाच्या पिंपावर बसलास आणि म्हणालास, "मग म्हणालो असेन."

तू माझ्या शब्दावर स्वतःची आठवण सोडून दिलीस. ज्याला बाईंच्या सीटचा निळा दोरा आठवतो, पेडल आठवतं, त्याला मी सांगितलं की तुला आठवत नाही. मी करून सवरून नामानिराळा राहिलो, आणि वर तुला माफ केलं. दोनदा.

सीटचे रंग वगैरे मला काही विचारायचं नव्हतं. म्हणजे निळा दोरा खरंच विसरलो होतो, पण तेवढंच. तुला पत्र लिहायला दुसरं काही सुचलं नाही.

दादा

१९ एप्रिल

बारक्या,

पार्सल पाठवतोय. काचा आतून पुसल्या, सुनेने तिच्या कापसाने मदत केली. डावा दांडा कापून काढला आणि नवा केला. टाचणीच्या टोकाने लांबीचे, पुटीचे म्हण, तीन थेंब ठेवले, तू ठेवले होतेस तसे, पहिला जरा तिरका. त्यावर काळा फिरवायचा नाही असं ठरवलं होतं, फिरवला नाही.

तळ या वेळी चिकटवला नाही. दोन बारीक स्क्रूंवर बसवलाय, सोबत पेचकस ठेवलाय. उलटी कर, उघड आणि बघ. तुला बरोबर आठवत होतं.

दादा

२३ मे

बारक्या,

महिना रोज दाराकडे कान लावून होतो. परवा पार्सल आलं. वजनावरूनच कळलं, गाडी परत आली.

कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. तुझं तुला परत लिहून दाखवतो, म्हणजे मी वाचलं हे तुला पटेल. "दादा, उघडून बघितलं. तीनच आहेत. लग्न केलं नाही, कारण ज्याचा स्वतःवर भरवसा नाही त्याने दुसऱ्याला काय सांभाळायचं. गॅस बंद केलाय का ते मी अजून चार वेळा बघतो. ही गाडी माझ्याकडे नको. बाईंकडे ने. पोस्टाने नाही, तू ने."

सहीही केलीस. तुझी सही बदलली नाही.

बाई अजून त्याच घरात आहेत, शाळेच्या मागच्या गल्लीत. इथून गाडीने वीस मिनिटं. वीस मिनिटं, बारक्या, आणि मी बावीस वर्षांत तिकडून वळसा घालून गेलोय. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? अशा हवेत, अशा अवस्थेत, आणि कुठे तर गाडी दाखवायला?" त्याला कारण सांगितलं नाही. बापाविषयी त्याचं मत चांगलं होतं. पण ते फार टिकणार नव्हतं, कारण सून म्हणाली, "मी नेते. पण आधी त्याला सांगा. तुमच्या तोंडून."

काल सांगितलं. तो यंत्राचं बटण उगाच तपासत राहिला, मग आत गेला. आज सकाळी लहान सिलिंडर भरून आणून दाराशी ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

दादा

३१ मे

बारक्या,

गेलो होतो.

सून म्हणाली, दोन तास, त्यावर एक मिनिट नाही. सिलिंडर तिच्या खांद्याला, गाडी माझ्या मांडीवर डब्यात. लिफ्टचं दार उघडलं आणि बाहेरची हवा लागली. खाली उभ्या असलेल्या एका गाडीच्या दाराला मी हात लावला. गरम होती. सून थांबली.

बाईंनीच दार उघडलं. काठी डाव्या हातात. केस पांढरे, आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मला ओळखायला वेळ लागला त्यांना, माझ्या तोंडावर नळी ना. मग म्हणाल्या, "तुम्ही होय. या, बसा. उभं राहवत नसेल."

घराच्या पुढे ओटा आहे. ओट्यावर कुंड्या. मी दाराच्या आत खुर्चीत बसलो आणि समोर बघितलं, तर प्रत्येक कुंडीला पत्र्याची पट्टी, त्यावर खिळ्याने कोरलेलं साल. तुझं अक्षर, बारक्या. मी मोजल्या. मोजायला नको होत्या. बावीस.

बाई म्हणाल्या, "दरवर्षी एक रोप येतं. अपघाताच्याच तारखेला. चिठ्ठी नसते. पहिल्या वर्षी होती फक्त. बाई, डावी बाजू माझी होती, एवढीच. मी त्याला लिहिलं, अरे बाळा, मुद्दाम कुणी करतं का. पण त्याने ऐकलं नाही."

मी डबा उघडून गाडी त्यांच्या हातात दिली. काय सांगायचं ते पाठ करून गेलो होतो, सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, बाई, ती उलटी करा. त्यांनी आधी गाडीच्या खिडकीतून आत बघितलं. निळा दोरा दिसला आणि त्या हसल्या. हसल्या रे. मग उलटी केली. पेचकस त्यांच्या हातून फिरेना, तो सुनेने फिरवला. तळ निघाला. मी सांगितलं. सगळं, काही न गाळता. रंग ओला होता तेही, आठव्या दिवशीचा चहाही.

बाई खूप वेळ त्या तीन थेंबांवर बोट ठेवून होत्या. मग गाडी सुलटी केली आणि विचारलं, "रंग तुम्हीच केला ना?"

मी म्हटलं, हो.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही छान होता."

बारक्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिलिंडरचा काटा खाली यायला लागला होता, सून उठली. मी हात जोडले आणि म्हटलं, बाई, मी काय करू ते सांगा. त्या म्हणाल्या, "तुमचं मी अजून ठरवलेलं नाही. मला वेळ लागेल. तुम्ही बावीस वर्षं घेतलीत, मी थोडी घेईन." मग काठी टेकत ओट्यापर्यंत आल्या, कुंड्यांकडे बघितलं आणि मला शेवटचं सांगितलं. ते जसंच्या तसं लिहितोय, निरोप तुझ्यासाठी आहे. "त्याला लिहा, यंदा रोप पाठवू नकोस, ओट्यावर जागा नाही. त्याला म्हणावं, या वेळी तूच ये. हात हलवत."

गाडी त्यांच्याकडेच आहे. निघताना मागे वळून बघितलं, पुस्तकांच्या फळीवर त्यांनी ती उलटी ठेवली होती, तळ वर करून.

मी परत आलो, पाचव्या मजल्यावर. यंत्र चालू झालं, नळी नाकात. टेबल रिकामं आहे, कपाटाची किल्ली सुनेने त्यावर ठेवलीय, पण अजून हात लावला नाही. मुलगा आज जेवायला माझ्याजवळ बसला.

तुला माझ्याकडे ये म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. बाईंकडे जा. तारीख तुला ठाऊक आहे. त्यांच्या घरापासून इथे वीस मिनिटं लागतात, ते नुसतं कळवून ठेवतो. सून दवाखान्यात असते, मुलगा कामावर. दुपारी घरात मी एकटाच असतो, पण बेल वाजली तर दार उघडेल. नळी काढून दोन पावलं चालता येतं. काल करून बघितलं, कडीला हात पोचला.

दादा